चौदा किल्ल्या आणि सव्वीस पानं

प्रश्न : मी ६१ वर्षांचा आहे. १९ व्या वर्षी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. पुढे स्वतःचं मशीन घेतलं. आज यंत्रांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना आहे, राहतं घर आहे, भाड्याने दिलेली एक जागा आहे आणि बऱ्यापैकी गुंतवणूक आहे. सगळं पोटाला चिमटा काढून जमवलेलं. मुलगी ३३ वर्षांची, मुलगा २९ चा, नात चार वर्षांची. हे तीन पिढ्या टिकावं आणि त्याबरोबर आमचे संस्कारही टिकावेत, एवढीच इच्छा आहे. म्हणून मी कुटुंबासाठी २६ पानांची नियमावली लिहून काढली. कारखाना मुलाने पुढे चालवायचा आणि २५ वर्षं कोणी काहीही विकायचं नाही, अशी अट मृत्युपत्रात घालणार आहे. किती काय आहे ते मुलांना सांगितलेलं नाही. कळलं तर आळशी होतील अशी भीती वाटते. नियमावली वाचून मुलगा म्हणाला, "बाबा, यात सगळं तुमचंच आहे, आमचं काय आहे?" त्याला स्वतःचं काही सुरू करायला भांडवल हवं होतं, मी नाही म्हणालो. मुलगी म्हणते, "मला काही नको." माझं कुठे चुकतंय?
– एक बाप

उत्तर : नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलंत, त्याचंच उत्तर आधी देते. तुम्ही मुलांना मालमत्ता देताय, पण निर्णय देत नाही आहात. किती आहे ते सांगायचं नाही, कसं वागायचं ते २६ पानांत ठरवून टाकायचं, आणि आपण गेल्यावरही २५ वर्षं कोणी हात लावायचा नाही. मग मुलांच्या वाट्याला उरली ती नुसती राखण. मुलाचं बोलणं तुम्हाला लागलं असणार. पण त्याने नेमक्या जागी बोट ठेवलंय, आणि ते वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं लिहिलंत, यावरून ते तुमच्याही मनातून जात नाही हे दिसतं.

मी कठोर बोलतेय असं वाटेल. पण मीही तुमच्यासारख्याच एका बापाची मुलगी आहे.

माझ्या वडिलांनीही शून्यातून उभं केलं होतं, आणि आम्हा तिघा भावंडांना त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मनात काही कपट नव्हतं. 'पोरांचं लक्ष अभ्यासात राहू दे', मग 'नोकरीत जरा स्थिरावू देत', मग 'लग्नं होऊन जाऊ देत', असं करता करता सांगायचं राहूनच गेलं. ते गेल्यावर काही दिवसांनी आम्ही त्यांचं कपाट उघडलं. वरच्या खणात बुटांच्या खोक्यात १४ किल्ल्या निघाल्या. पाच ओळखीच्या होत्या. उरलेल्या नऊ कशाच्या, ते आजही सांगता येणार नाही. एका पिवळ्या पडलेल्या पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'याबद्दल नानांना विचारणे.' नाना जाऊन सहा वर्षं झाली होती. एक विमा हप्ते थकून कधीच बंद पडला होता आणि आम्ही तो जमेला धरून हिशेब करत बसलो होतो. एका लांबच्या ओळखीच्या माणसाच्या कर्जाला वडील जामीन राहिले होते, हे तर वसुलीची नोटीस दारात आली तेव्हा कळलं.

तरी पैशाचं नुकसान भरून निघालं. जमिनीच्या एका तुकड्याचं मात्र निघालं नाही. तो आपल्याला द्यायचं वडिलांनी कबूल केलं होतं, असं मोठा भाऊ म्हणायचा. असं बोलणं कधी झालंच नाही, असं बहीण म्हणायची. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, असं मला आजही वाटतं. वडील एकाशी एक बोलले असतील, दुसरीशी दुसरं. ज्यांना विचारायचं तेच नव्हते. चार वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. नंतर बोलायला लागली, पण तिघं एका खोलीत बसलो की आमच्यात जो मोकळेपणा असायचा, तो काही परत आला नाही.

म्हणून पहिलं काम हे, की सगळं सांगून टाका. पुढच्या वर्षी नाही, याच महिन्यात.

आळशी होतील ही भीती शाळकरी मुलांबद्दल असती तर मी थोडा विचार केला असता. तुमची मुलं ३३ आणि २९ ची आहेत. अंगात आळस असता तर एव्हाना दिसला असता. आकडा सांगितला नाही म्हणून मुलं त्याचा विचार करायची थांबत नाहीत, ती अंदाज बांधतात. मोठा अंदाज बांधणारा बिनधास्त राहतो, लहान बांधणारा विनाकारण जीव काढत बसतो, आणि दोघांचीही आयुष्यातली मोठी पावलं त्या चुकीच्या आकड्यावर पडतात. मुलाने भांडवल मागितलं तेव्हा कदाचित तुमचा पैसा कारखान्यात अडकलेला असेल, कदाचित एखादी मोठी ऑर्डर तोंडावर असेल. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या हातात आला तो नुसता नकार, आणि नुसत्या नकाराचा मुलं एकच अर्थ लावतात, की बापाचा आपल्यावर विश्वास नाही.

सांगण्यासाठी मोठं काही मांडायला नको. एक वही घ्या. काय आहे, कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, कागद कुठे ठेवलेत, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा, एवढं लिहा. मग पान उलटा आणि देणी लिहा. कर्जं, कोणाला जामीन राहिला असाल तर तो, कोणाचे वापरायला घेतलेले पैसे. आणि तिसऱ्या पानावर तोंडी दिलेले शब्द लिहा. 'तुझ्या शिक्षणाचं मी बघेन' असं एखाद्या जुन्या कामगाराच्या मुलाला म्हणाला असाल, 'ही जागा तुलाच' असं रागालोभात कोणाला बोलून गेला असाल, ते सगळं. माणूस गेल्यावर घरं मोडतात ती या तिसऱ्या पानामुळे, आणि ते पान दुसरं कोणीही लिहू शकत नाही. वर्षातून एकदा वही ताजी करा, नाहीतर तिचीही किल्ल्यांची पेटी होईल.

आणखी एक. तुमच्या पूर्ण पत्रात पत्नीचा उल्लेख नाही. त्या असतील, तर ही वही मुलांच्या आधी त्यांच्यासमोर उघडा. पोटाला चिमटा काढताना तुम्ही एकटे नव्हता. आणि मृत्युपत्रात त्यांच्या हयातभराची सोय आधी लावा, वाटण्या नंतर.

आता तीन पिढ्यांचा हिशेब. तुम्ही कारखाना चालवता, त्यामुळे हा हिशेब तुम्हाला माझ्या कुठल्याही उपदेशापेक्षा जवळचा वाटेल. पैसा किती वर्षांत दुप्पट होतो ते काढायची जुनी युक्ती आहे, ७२ ला व्याजदराने भागायचं. ८ टक्क्यांनी ९ वर्षं. पण महागाई ५ टक्के धरली तर खरी वाढ ३ टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे दुप्पट व्हायला २४ वर्षं. दुसऱ्या बाजूला माणसंही वाढतात. प्रत्येकाला दोन मुलं धरली तर आज तुमची दोन, मग चार, मग आठ. दर ३० वर्षांनी वाटेकरी दुप्पट. म्हणजे माणशी हिस्सा नुसता जागेवर ठेवायचा, तरी महागाई वजा जाता दरवर्षी २.३ टक्के वाढ हवी, एकही वर्ष न चुकता. ३ मधून २.३ गेले, राहिले ०.७. त्यातून कर, आजारपणं, एखादं वाईट वर्ष, घराची डागडुजी आणि रोजचा खर्च. प्रत्येकाला तीन मुलं झाली तर लागणारी वाढ ३.७ टक्क्यांवर जाते आणि हिशेब पहिल्याच दिवशी तुटीत असतो.

नातवंडांनी उधळलं म्हणून घर बसलं, असं आपण सहज म्हणून टाकतो. पुष्कळदा कोणीच उधळलेलं नसतं. माणसं वाढलेली असतात आणि नवीन कमाई थांबलेली असते. तुम्ही साठवलेल्यावर तिसऱ्या पिढीतले आठ जण बसून खातील हे गणितातच बसत नाही. त्या पैशावर आठ जण शिकू शकतील, आजारपणात कोणापुढे हात पसरणार नाहीत, पहिलं पाऊल उचलताना पायाखाली जमीन असेल, हे मात्र नक्की जमण्यासारखं आहे. म्हणून मृत्युपत्रात 'विकायचं नाही' यापेक्षा 'हे कशासाठी आहे' ते लिहा. गुंतवणुकीचा एक ठरावीक भाग शिक्षण, आजारपण आणि पहिलं भांडवल एवढ्यासाठीच बाजूला काढा. त्याला विश्वस्त नेमायचे तर त्यातला एक तरी घराबाहेरचा असू द्या. बाकीचं प्रत्येकाच्या हाती मोकळं द्या.

२५ वर्षांच्या अटीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमचा सगळा भरवसा तिच्यावर आहे.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन १७९० मध्ये वारले. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्यांनी प्रत्येकी १००० पौंड ठेवले आणि पुढच्या २०० वर्षांचा हिशेब मांडून दिला. उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकण्याची मुदत, पुरी केलेल्या, लग्न झालेल्या, २५ वर्षांखालच्या कारागिरांना ते पैसे ५ टक्के व्याजाने कर्जाऊ द्यायचे, परत आलेले पुन्हा द्यायचे. १०० वर्षांनी काही भाग लोकोपयोगी कामाला काढायचा, उरलेला आणखी १०० वर्षं फिरवायचा. शेवटी प्रत्येक शहराच्या हाती ४० लाखांहून जास्त पौंड येतील असं त्यांनी मांडलं होतं. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा बॉस्टनकडे ५० लाखांच्या आसपास आणि फिलाडेल्फियाकडे २० लाखांच्या आसपास रक्कम होती, पण पौंड नव्हे, डॉलर. एवढ्या थोड्यातून एवढं झालं ही चक्रवाढीची ताकद खरीच. पण अंदाजापेक्षा ते बरंच कमी होतं, आणि त्याचं एक मोठं कारण त्या अटीतच होतं. कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मोडत गेली आणि अटीत बसणारे कर्जदारच मिळेनात. फ्रँकलिन स्वतः छापखान्यात उमेदवारी करून वर आले होते. उमेदवारीच नसलेलं जग त्यांच्या डोळ्यांसमोर कसं येणार?

तुम्हीच सांगा, आज तुम्ही बनवता ते सुटे भाग २५ वर्षांनी कोणत्या यंत्राला लागणार आहेत? मागणी आटत चाललीय हे समोर दिसत असताना मुलांना कारखाना विकता येणार नसेल, तर तुमची अट त्याचं रक्षण करणार नाही, तो डोळ्यांदेखत बुडताना त्यांना बघत बसायला लावेल. गेलेल्या माणसाच्या हुकमाचा असा त्रास लोकांना पूर्वीपासून झालाय. इंग्लंडमध्ये १६८२ च्या ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यापासून मृताच्या अटी किती काळ चालू द्यायच्या याला मर्यादा पडत गेल्या, आणि पुष्कळ देशांच्या कायद्यात आज अशा मर्यादा आहेत. तुम्ही राहता तिथल्या कायद्यात तुमची अट टिकते का, हे वकिलाला विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

एकाच घराण्याच्या दोन वास्तूंची गोष्ट सांगते. अमेरिकेतले जहाजं आणि रेल्वेचे मोठे उद्योगपती कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट १८७७ मध्ये गेले तेव्हा मागे सुमारे १० कोटी डॉलर होते. मुलगा विल्यम हेन्री आठच वर्षं जास्त जगला, पण तेवढ्यात त्याने ते दुपटीच्या आसपास नेले. पुढच्या पिढीने वाडे बांधले. न्यूपोर्टचा ७० खोल्यांचा 'द ब्रेकर्स' आणि नॉर्थ कॅरोलिनातला २५० खोल्यांचा 'बिल्टमोर', दोन्ही १८९५ मधले. ब्रेकर्स १९७२ मध्ये वारसांनी एका जतन संस्थेला विकला. बिल्टमोर त्याहून कितीतरी मोठा, तरी आजही वंशजांकडे आहे. १९३० मध्ये त्यांनी तो लोकांना बघायला खुला केला आणि वाड्याचा खर्च वाड्याकडूनच काढायला सुरुवात केली. बांधणाऱ्याने तो राहण्यासाठी बांधला होता. मागच्यांनी त्याचा उपयोग बदलला, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला. तुमच्या मुलांनाही एवढी मोकळीक लागेल.

तेव्हा अट घालायचीच तर दार बंद करणारी घालू नका, दारातून नीट बाहेर कसं पडायचं ते सांगणारी घाला. कोणाला आपला हिस्सा विकायचा असेल तर आधी भावाबहिणीला विचारायचं. किंमत घरातल्या कोणी नाही, बाहेरच्या मूल्यांकन करणाऱ्याने ठरवायची. निर्णय आणि सही यांच्यात सहा महिने जाऊ द्यायचे. घेणाऱ्याला एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्यायचं. आणि होता होईल तो एकच जागा दोघांच्या सामाईक मालकीत ठेवू नका. आज दोन सह्या लागतात, तिसऱ्या पिढीत आठ लागतील, आणि आठांपैकी एकाने हात आखडता घेतला की साधं गळकं छप्परही दुरुस्त होणार नाही. मला विचाराल तर एकत्र राहायची सक्ती केलेली भावंडं लवकर तुटतात. कधीही बाहेर पडता येईल हे ठाऊक असलं की माणूस शांतपणे आत राहतो.

आता मुलाच्या भांडवलाचं. तुम्ही नाही म्हणालात ते कदाचित बरोबरही असेल, त्याची कल्पना कच्ची असेल. पण त्याला तुम्ही मशीन शॉपवरच्या नव्या पोरासारखं वागवा. पहिल्याच दिवशी महागड्या जॉबवर कोणी बसवत नाही, पण हात लावूच देत नाही असंही कोणी करत नाही. आधी भंगारातल्या तुकड्यावर हात बसवतात. जी रक्कम पूर्ण बुडाली तरी तुमची झोप उडणार नाही, ती आधी मनाशी ठरवा. मग त्याच्याकडून चार पानं लिहून घ्या. गिऱ्हाईक कोण, खर्च किती, पैसा कधी परत येणार, आणि काय झालं की आपण थांबायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तरुण माणसं तोच टाळतात. ती चार पानं मुलीलाही वाचायला द्या. द्यायचं ठरलं तर हे कर्ज, बक्षीस की भागीदारी, आणि पुढे वाटणीत ते त्याच्या हिश्शातून वजा धरायचं का, हे त्याच दिवशी कागदावर आणा. बहिणीच्या मनात पुढे जो हिशेब सुरू होईल, तो आजच मिटलेला बरा. आणि बुडालं तर त्याच्यासमोर 'मी सांगितलंच होतं' हे शब्द काढू नका. तुमच्या डोळ्यांदेखत, तुमचा सल्ला हाताशी असताना थोडं बुडालेलं परवडतं. तुमच्यामागे पहिल्यांदाच मोठी रक्कम हातात आली आणि ती बुडाली, तर त्याला विचारायला कोणी नसेल.

राहिली ती २६ पानं. फाडू नका. पण एक विचारते, तुमचं अपयश त्यातल्या किती पानांवर आहे? कच्च्या मालाचे पैसे अडकून मशीन विकायची पाळी आली होती का कधी? कोणी फसवलं होतं का? तुमच्या हातून कोणावर अन्याय झाला होता का? प्रामाणिकपणे वागा हे वाक्य मुलाने शाळेत भिंतीवर वाचलेलं आहे. त्याच्या बापाला एकदा प्रामाणिकपणा महाग पडला होता आणि तरी त्याने तो का सोडला नाही, हे त्याला कुठल्याच भिंतीवर वाचायला मिळणार नाही.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील भेटले कसे, घरावर कोणता वाईट प्रसंग आला होता, अशा तऱ्हेचे प्रश्न. ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त ठाऊक होत्या त्यांचा आत्मविश्वास जास्त होता आणि आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत असं त्यांना जास्त वाटत होतं. पण उत्तरं पाठ करून घेतली की मूल खंबीर होतं असा अर्थ काढू नका, असं त्या अभ्यासकांनीच बजावून ठेवलंय. फरक पडतो तो एकत्र बसून बोलण्याच्या सवयीने. आणि त्यातही चढच चढ सांगणाऱ्या किंवा उतारच उतार सांगणाऱ्या गोष्टीपेक्षा, चढ आले, उतार आले आणि आपण एकमेकांना धरून राहिलो ही गोष्ट मुलांना जास्त बळ देते. तुमच्या चार वर्षांच्या नातीला नियमावलीतलं एक अक्षर कळणार नाही. आजोबा १९ वर्षांचे असताना पहिल्या दिवशी मशीनपाशी कसे घाबरले होते, ते मात्र ती रोज रात्री पुन्हा सांगायला लावेल.

संस्कार निर्णयात उतरायला हवेत, त्यासाठी मी पाहिलेला सगळ्यात चांगला मार्ग सांगते. माझ्या ओळखीचं एक कुटुंब दरवर्षी एक ठरावीक रक्कम तीन मुलांच्या हाती ठेवायचं. अट एकच, ती तिघांनी एकमताने कोणालातरी द्यायची. पहिल्या वर्षी मी त्यांच्या घरी होते. मोठ्या दोघांची टेबलाशी तासभर वादावादी चालली होती, आईवडील शेजारच्या खोलीत बसून होते आणि मुद्दाम बाहेर येत नव्हते. धाकटी नऊ वर्षांची. तिने पेन्सिलीने दोन्ही नावं कागदावर लिहिली आणि विचारलं, "पण दिल्यावर त्यांनी कशाला वापरले, ते कोण बघून येणार?" दोघं गप्प झाले. शेवटी ज्या ठिकाणी तिघांना चालत जाऊन बघता येईल तेच ठिकाण ठरलं. आज ती मुलगी मोठी झालीय आणि घरातल्या गुंतवणुकीचे कागद तीच तपासते. तो प्रश्न विचारायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. विचारायची जागा फक्त करून दिली होती.

दिलेलं टिकतं, याचा एक फार जुना दाखला आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने १५२१ मध्ये गरजू लोकांसाठी घरांची वसाहत स्थापन केली. फुगरांची पेढी पुढे शंभर-दीडशे वर्षांत ओसरली. वसाहत आजही चालू आहे. वर्षाचं मूळ भाडं तेव्हा एक ऱ्हाइन गुल्डन हे त्या काळचं नाणं होतं, आजही तेवढंच, म्हणजे ०.८८ युरो, आणि कारभारावर अजून फुगर घराण्याचीच देखरेख आहे. पाचशे वर्षांनंतरच्या वारसांना एकत्र यायला निमित्त उरलं ते त्या वसाहतीचं. तुम्हीही लहानसं का होईना, असं एक काम निवडा. मुलांबरोबर बसून निवडा, त्यांना वाचून दाखवायला नको.

शेवटी मुलीबद्दल, आणि मला वाटतं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. कारखाना मुलाने चालवायचा, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मुलाला स्वतःचं काहीतरी वेगळं करायचंय हेही तुम्हीच लिहिलंय. आणि मुलीला कारखान्याबद्दल काय वाटतं, ते पत्रात कुठेच नाही. जपानमध्ये देवळं बांधणारी कोंगो गुमी ही पेढी ५७८ मध्ये सुरू झाली आणि १४०० वर्षांहून जास्त काळ एका घराण्याकडे राहिली. थोरल्या मुलाकडेच गेलं पाहिजे असा हट्ट त्या घराने धरला नाही. लायक मुलगा नसेल तर जावयाला दत्तक घेऊन घराण्याचं नाव दिलं, आणि १९३० च्या दशकात कठीण काळ आला तेव्हा पेढीची सूत्रं घरातल्या एका विधवेने हाती घेतली. २००६ मध्ये त्यांना पेढी दुसऱ्या कंपनीच्या हवाली करावी लागली, ती वारस नव्हता म्हणून नाही. भाव चढलेले असताना जमिनीसाठी काढलेल्या कर्जाने त्यांना बुडवलं.

'मला काही नको' हे मुली दोन वेगवेगळ्या कारणांनी म्हणतात. कधी खरंच नको असतं, स्वतःचं पुरेसं असतं. तसं असेल तर तिच्या शब्दाचा मान ठेवा, आणि तिचा हिस्सा नातीच्या नावे ठेवायचा का ते तिलाच ठरवू द्या. पण पुष्कळदा आपल्याला कोणी विचारणारच नाही हे लहानपणीच कळलेलं असतं, आणि नाकारलं जाण्याआधी आपणच नको म्हणावं, म्हणजे कमी लागतं, असं त्यामागे असतं. माझ्या बहिणीने ते वाक्य वडिलांना तीनदा ऐकवलं होतं. वडिलांनी तिन्ही वेळा ते खरं मानलं.

तेव्हा वही लिहून झाली की कुटुंबाला एकत्र बसवायच्या आधी एक दिवस मुलीला एकटीला कारखान्यात घेऊन जा. सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना. तुमचं पहिलं मशीन अजून असेल तर तिथे उभे राहा आणि तिला विचारा, "हे तुझ्या हातात आलं तर तू याचं काय करशील?" मग ती बोलून पुरी होईपर्यंत मध्ये बोलू नका. ती काय म्हणाली ते मला कळवा, कारखान्याची वाटणी कशी लिहायची ते मग पुढच्या पत्रात बोलू.